खतावणीतलं पान

दुपारी दोन ते चार आमच्या दुकानात गिऱ्हाईक नसायचं. माणदेशातली दुपार ती. रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली सोडून हलायचं नाही. अण्णा आत जाऊन आडवे व्हायचे आणि मला गल्ल्यावर बसवायचे. समोर तराजू, उजव्या हाताला ओल्या फडक्याखाली गुळाची ढेप, डाव्या हाताला लाल कापडात बांधलेली खतावणी. त्या खतावणीच्या आडोशाला मी कादंबरी उघडी ठेवायची.

साल 1978. मी पंधरा वर्षांची होते. थोरला भाऊ सायकलवरून तालुक्याला जायचा आणि तिथल्या वाचनालयातून दर शनिवारी एक पुस्तक आणायचा. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, चार कपाटं आणि नोंदवहीवर मान घालून बसलेले एक वृद्ध गृहस्थ. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर अशा छोट्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागलं, त्या अनुदानावर ते तग धरून होतं. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं असत. बाइंडरने जाड दोऱ्याने ती इतकी घट्ट शिवलेली, की ओळींची आतली टोकं शिलाईत गडप व्हायची. कोपराने पान दाबून धरल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. कैक पुस्तकांचा पहिला फर्मा गळून गेलेला. किती कादंबऱ्या मी सतराव्या पानापासून वाचल्या! कुणाच्या तरी घरात भांडण चालू असताना आपण दारात जाऊन उभं राहावं, तशी त्या गोष्टींमध्ये शिरले. कोण कुणाचं, राग कशाचा, हे हळूहळू उमगायचं. आता वाटतं, त्या फाटक्या पुस्तकांनी एक सवय लावली. माणसाचं मागचं काहीतरी आपण वाचलेलं नाही, हे धरून चालायची.

तेव्हा मात्र मला जगण्याचं सूत्र हवं होतं, आणि ते छापील वाक्यात मिळेल अशी खात्री होती. मी दोनशे पानी वही केली होती. तिच्यात खांडेकरांची वाक्यं उतरवून काढायची. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत अठरा वर्षं शिकवत होते, हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. खेड्यातला एक मास्तर एवढं लिहितो, तर खेड्यातली एक मुलगी एवढं समजून घेऊ शकेल. शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं, वर्षभर तो मी त्या वहीतून लिहिला.

‘ययाति’ त्याच वर्षी हाती आली. कादंबरी 1959 ची, पण 1974 चं ज्ञानपीठ खांडेकरांना तिच्यासाठी मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलं. त्यामुळे वाचनालयात तिच्यासाठी नंबर लावावा लागायचा. देवयानी-शर्मिष्ठेची गोष्ट मला कीर्तनातून ठाऊक होती. मी आधीपासून शर्मिष्ठेच्या बाजूची. राजाची मुलगी असून दासी झाली बिचारी, आणि तिला दासी करणारी ती देवयानी. मनात असा निकाल लावूनच मी पुस्तक उघडलं. पण खांडेकरांनी ही गोष्ट तिघांना सांगायला लावली आहे. ययाति बोलतो, मग देवयानी बोलते, मग शर्मिष्ठा. देवयानी बोलायला लागली आणि मी अडखळले. कच निघून गेला ती जखम तिच्या तोंडून ऐकली. तिचं वागणं मला पटलं का? शेवटपर्यंत नाही. पण ती अशी कशी झाली हे कळल्यावर तिला नुसतं वाईट म्हणून मोकळं होता येईना. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये हेच पुन्हा भेटलं. पोटचं पोर नदीत सोडणारी कुंती तिथं स्वतः बोलते. हे वहीत कसं लिहायचं? एका वाक्यात मावत नव्हतं ते.

दुपारी मान वर केली की शेजारी खतावणी असायची. तिच्यातही प्रत्येकाला एक पान होतं. माथ्यावर नाव, वस्ती. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. गावातल्या प्रत्येक घराचं तिखटमीठ त्या पानांवर होतं. कुणाकडे मूल झालं की डिंक, खोबरं, खारीक नावे पडायची. कुणी गेलं की तेराव्याचे गहू. पण त्या पानावर माणूस स्वतः काही बोलत नसे. बोलायचे ते अण्णा, आणि तेही आकड्यांत.

त्यातल्या एका पानाचं सांगायचं आहे.

1972 साली मी नऊ वर्षांची होते. आमच्याकडे पाऊस नेहमीच हात आखडून पडतो, पण त्या सालानं विहिरींचे तळ दाखवले. कडबा संपला. जनावरं छावणीला गेली, काही त्याआधीच गेली. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो आला होता. त्याची भाकरी थापताना कडेला चिरायची आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे व्हायचे. आई ते तुकडे तव्यावर पुन्हा जुळवून ठेवायची, ते मला लख्ख आठवतं. कामाचा पगार लांबला की लोक आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे.

एका संध्याकाळी, दिवेलागणीला, जवळच्या वस्तीवरची एक बाई आली. हातांना खडीचे ओरखडे, केसांत पांढरी धूळ. तिने पदराची गाठ दातांनी सोडली आणि तराजूच्या पारड्यात चांदीचे दोन वाळे टाकले. लहान मुलाच्या पायातले. त्यांना बारीक घुंगरू होते, एका वाळ्याचा एक घुंगरू तुटलेला. पारड्यात ते पडले तेव्हा जो आवाज झाला, तसा आवाज आमच्या दुकानात कधी होत नसे.

“पोराचं हायती, अण्णा. पाऊस पडला की सोडवून नेती.”

अण्णांनी वजन केलं. तिला जोंधळे दिले, तेल दिलं, मीठ दिलं. खतावणीत लिहिलं. वाळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले.

पुढच्या साली पाऊस झाला. ती वाळे सोडवायला आली नाही. 1975 मध्ये सरकारने वटहुकूम काढला, अल्पभूधारकांची आणि शेतमजुरांची कर्जं माफ, गहाण वस्तू परत द्यायच्या. गावोगाव त्याची चर्चा झाली. काहींनी वस्तू दिल्या, काहींनी लपवल्या. आमचा डबा फळीवरून हलला नाही. मी लहान होते आणि यात काही चुकतंय हे मला कळत नव्हतं.

कळलं ते ‘बनगरवाडी’ वाचल्यावर. 1979 च्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली. दहावीची परीक्षा झाली होती आणि दुपारी आता पूर्ण माझ्या होत्या. व्यंकटेश माडगूळकर माडगूळचे, आटपाडीकडचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. 1955 सालचं हे पुस्तक जुन्या औंध संस्थानातल्या धनगरवाडीचं आहे. तिथं एक पोरसवदा मास्तर शाळा चालवायला जातो. आमच्या तोंडची भाषा छापलेली मी पहिल्यांदा पाहिली. आपण बोलतो ते पुस्तकात येऊ शकतं, याचा आनंद इतका मोठा होता की पहिली पानं मी एकटीच मोठ्याने वाचली.

मग शेकूची बायको आली. शेकूकडे एकच बैल. शेत तर करायला हवं. दुसरा बैल कुठून आणणार? त्याची बायको जुवाखाली स्वतःचा खांदा देते आणि बैलाच्या जोडीने चालायला लागते. माडगूळकर तिथं हळहळत नाहीत, कुणाला दोष देत नाहीत, वाचकाला काही समजावून सांगत नाहीत. जे दिसलं ते दाखवतात आणि पुढे जातात. मी पुस्तक मिटलं. वही जवळच होती, पण उतरवून घ्यायला त्यात सुविचार नव्हता. एक बाई होती, तिचा खांदा होता.

त्याच हाताने मी खतावणी ओढली आणि त्या वाळेवाल्या बाईचं पान काढलं. उजवीकडे दुष्काळातल्या नोंदी, एकाखाली एक. डावीकडे पाऊस झाल्यानंतरच्या दोनच, पाच रुपये आणि तीन रुपये. म्हणजे ती आली होती. वाळे सोडवायला नाही, पण पाच रुपये घेऊन आली होती, पुन्हा तीन घेऊन आली होती. त्या तीन रुपयांसाठी तिने काय काय मागे ठेवलं असेल? पानाच्या कडेला अण्णांच्या बारीक अक्षरात एक शब्द होता: वाळे.

रात्री जेवताना मी विचारलं, “अण्णा, ते वाळे अजून आपल्याकडं का आहेत?”

आईचा हात थांबला. अण्णा म्हणाले, “तुला काय करायचंय?” एवढंच.

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. सोळा वर्षांच्या मुलीला जेवढा राग येऊ शकतो तेवढा सगळा मला आला होता. मला वाटत होतं की कादंबऱ्यांनी मला न्याय करायला शिकवलं आणि मी तो केला. माझ्या गोष्टीतला दुष्ट माणूस मला माझ्याच घरात सापडला होता.

पण देवयानी काही पाठ सोडीना. तिला बोलू दिलं होतंस, मग अण्णांचं पान कुठं आहे? खतावणीत दुकानदाराचं पान नसतं. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या माझी नजर भिंतीवरच्या तारेकडे गेली. त्या तारेला पावत्या आणि पत्रं खोवलेली असायची, वर नवी, खाली जुनी. धूळ झटकत मी खालपर्यंत गेले. तळाशी 1972 आणि 1973 ची पोस्टकार्डं होती. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून अण्णा माल उचलत, त्याची. पहिल्या कार्डात नमस्कार होता, क्षेमकुशल होतं, खाली बाकी होती. पुढच्यात नमस्कार आखडला. शेवटच्यात नुसती बाकी आणि तारीख. आईच्या सोन्याच्या पाटल्या त्या सालापर्यंत तिच्या हातात होत्या, हे मला एकाएकी आठवलं. त्यानंतर काचेच्या बांगड्या. त्या पाटल्या कुठं गेल्या, हे घरात कुणी बोललं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

अण्णा त्यामुळे निर्दोष ठरले का? माझ्या लेखी नाही. बाईचे वाळे द्यायला हवे होते, 1975 नंतर तर हवेच होते. तिने मागितले नाहीत म्हणून ठेवून घेणं हे चुकीचंच होतं, आणि हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणेन. पण त्या तारेपाशी उभी असताना मला एक गोष्ट पक्की उमगली. समजून घेणं हे एक काम आहे आणि माफ करणं हे दुसरं. दुसरं करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पहिलं टाळायची मुभा कुणालाच नाही. मला जे काही तत्त्वज्ञान मिळालं ते हे एवढंच, आणि ते धुळीने भरलेल्या बोटांनी मिळालं.

आमचा अबोला अण्णांनी मोडला. एका दुपारी ते झोपायला गेले नाहीत. पोत्याला टेकून बसले. “काय वाचतियास एवढं? मोठ्यानं वाच बघू.”

मी ‘बनगरवाडी’ पहिल्या पानापासून सुरू केली. रोज थोडी. अण्णा चौथी शिकलेले, कादंबरी अशी त्यांनी कधी हातात धरली नव्हती. डोळे मिटून ऐकायचे. मध्येच एखाद्या शब्दावर मान हलवायचे, धनगरांच्या बोलण्यातलं काही बरोबर उतरलंय म्हणून. शेकूच्या बायकोपाशी आले तेव्हा माझा आवाज मुद्दाम थोडा चढला, हे मी कबूल करते. अण्णा उठले, माठातलं पाणी प्याले, परत येऊन बसले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “ह्या वाडीत दुकान कुणाचं हाय?”

“आतापर्यंत तरी आलं नाही.”

“मग मीठमिरची कुठनं आणत्यात ही माणसं?”

पुस्तकाच्या शेवटी दुष्काळ येतो. वाडी उठते. माणसं जित्राबं घेऊन वाट फुटेल तिकडे जातात, शाळा ओस पडते. बहात्तर साल पाहिलेल्या माणसासमोर ती पानं वाचताना माझा घसा दाटला. अण्णा जमिनीवर सांडलेले गव्हाचे दाणे एक एक करून वेचत होते. वेचलेले दाणे त्यांनी पोत्यात टाकले.

“माणसं गेली. उधारी कुणाची बुडाली ते लिवलं न्हाई त्यानं.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते एका पुस्तकात स्वतःला शोधत होते, जसं मी शोधत होते, जसं त्या दुपारी माझ्या मांडीवरच्या पुस्तकात आमच्या गावातलं कुणीही शोधलं असतं. कितीही मोठ्या मनाच्या लेखकाच्या पुस्तकातही कुणाचं तरी पान राहून जातं, हे मला चौथी शिकलेल्या माझ्या बापानं सांगितलं. तेव्हापासून कुठलीही कादंबरी संपली की मी थांबते आणि विचारते, यात कोण आलं नाही?

पुढे सांगलीला कॉलेजात वाचन वाढलं. नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली ‘कोसला’ तिथं सगळ्यांच्या हातात असायची. पांडुरंगाचं वडिलांशी असलेलं वैर वाचताना मी आमच्या दुकानातच बसलेली असायची. आणि मनीच्या मरणाची पानं! घरापासून दूर असलेल्या भावाला धाकटी बहीण गेल्याचं कळतं, तिथं त्याचं सगळं फटकळ बोलणं गळून पडतं. ती पानं वाचल्यावर मी भावाला चार पानी पत्र लिहिलं होतं, कारण न सांगता.

पण मला आतून हलवलं ते उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने. 1960 ची ही कादंबरी वऱ्हाडातली, बोलीही तिकडचीच. सुरुवातीला शब्द अडत होते. मग कौतिक दिसायला लागली. संसार स्वतःच्या पाठीवर घेतलेली बाई. नवऱ्याची साथ नाही, पुढे त्याला महारोग होतो. ती उभा करते तो कोसळतो, ती पुन्हा उभा करते. कष्टाला फळ असतंच, हे मी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिलं होतं, वळणदार अक्षरात, भोवती वेलबुट्टी काढून. कौतिकला फळ मिळत नाही. तरी तिच्या हातांचं काम थांबत नाही, मोडून पडेपर्यंत. फळ मिळालं नाही म्हणून ते कष्ट वाया गेले असं म्हणायला माझी जीभ रेटेना, आणि फळ्यावरचं ते वाक्यही मला पुन्हा लिहिता येईना. दोनशे पानी वही तिथं थांबली. शेवटची तीस-चाळीस पानं कोरीच राहिली. तीन रुपये घेऊन आलेली ती बाई मला कौतिकने पुन्हा दाखवली. जमेच्या बाजूला ते तीन रुपये केवढे होते!

पुढे मी एका बँकेत लागले, शेतीकर्जाच्या टेबलावर. खतावणी काही सुटली नाही. फेब्रुवारी-मार्च आला की थकबाकीदारांच्या याद्या निघायच्या आणि वसुलीला गावोगाव जायचं. एकदा एका घरापुढे जीप थांबली. दर्शनी भिंतीला नवाकोरा निळा रंग. बरोबरचे सहकारी संतापले, हप्ता भरायला पैसे नाहीत आणि रंगरंगोटीला आहेत! मी पाणी मागितलं, आत जाऊन बसले. आतल्या तिन्ही भिंतींचे पोपडे निघालेले. रंग फक्त रस्त्याकडून दिसणाऱ्या भिंतीला होता. त्या आठवड्यात मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. नोटिशीवर मी सही केली. सही करणं माझं काम होतं आणि पैसे दुसऱ्या शेतकऱ्यांच्या ठेवींतले होते. नोटीस आठ दिवसांनी निघाली, माझ्या हातात तेवढंच होतं. पण ती भिंत मी पाहिली होती. न पाहता सही करणं मला जमलं नाही, त्या टेबलावर होते तोवर कधीच जमलं नाही.

अण्णा 1996 मध्ये गेले. दुकान आवरताना बिस्किटांचा तो डबा निघाला. वाळे एका कापडात गुंडाळलेले होते, आत त्या बाईच्या नावाची चिठ्ठी. चिठ्ठीची शाई ताजी दिसत होती. जुनी फाटली म्हणून त्यांनी ती कधीतरी नव्याने लिहिली असावी.

ती बाई त्याआधीच वारली होती. मुलगा गलाईच्या धंद्यात लांब दक्षिणेत गेला होता. आमच्या आटपाडी-खानापूरकडची कितीतरी पोरं अशी गावोगावच्या सराफ पेठांत सोनं-चांदी आटवत बसलेली असतात, आणि खरसुंडीला सिद्धनाथाची चैत्री यात्रा असली की गावी येतात. पुढच्या चैत्रात मी त्याच्या वस्तीवर गेले.

त्याने कापड उलगडलं. वाळे तळहातावर घेतले, हात जरा खालीवर केला. त्याला तराजू लागला नाही. “साडेतीन तोळं असंल. जुनी चांदी हाय,” तो म्हणाला. मग तो कामाच्या नजरेने बघायचा थांबला. “आई कधी बोलली न्हाई ह्याचं.” थोड्या वेळाने, “अण्णांनी का ठेवून घेतलं हुतं?”

मी ओट्यावर बसले. त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आधी त्याच्या आईचं सांगितलं. दिवेलागण, केसांतली खडीची धूळ, दातांनी सोडलेली पदराची गाठ, नंतरचे पाच रुपये आणि तीन रुपये. मग तारेवरच्या पोस्टकार्डांचं सांगितलं, आईच्या पाटल्यांचं, 1975 सालचं आणि फळीवरून न हललेल्या डब्याचं. काही गाळलं नाही. तो ऐकत होता, आणि त्याचा अंगठा वाळ्यावरून फिरत फिरत घुंगरू तुटला होता तिथं येऊन थांबत होता.